पुराणांतले प्राणी पत्त्यांच्या डावांत

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझा तेरा वर्षांचा नातू आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां त्याच्या सामानांत पुस्तकें दोन होतीं आणि पत्ते चारशें. हे पत्ते म्हणजे बदाम-इस्पिकांचे आपले नेहमींचे बावन्न पत्ते नव्हेत. प्रत्येक पानावर एक रंगीत चित्र, चित्राखालीं बारीक अक्षरांत कांहीं मजकूर, आणि उजव्या कोपऱ्यांत दोन आंकडे. एके दुपारीं त्यानें त्यांतलें एक पान माझ्यापुढें धरलें. वाघाच्या तोंडाचा, माणसाच्या अंगाचा, भरजरी वस्त्रें ल्यालेला एक प्राणी त्यावर उभा होता. "आजोबा, हा राक्षस आहे," तो म्हणाला, "आपल्या रामायणांतला. पण रामायणांत राक्षसांना वाघाचें तोंड असतें का हो?"

मीं आयुष्याचीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविण्यांत घालविलीं आहेत. या प्रश्नाला 'नाहीं' एवढें उत्तर देऊन पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालावयास हरकत नव्हती. परंतु तें पान माझ्या मनांतून जाईना. दूर देशींच्या कोणा मनुष्यानें आमचा राक्षस उचलला, त्याला वाघाचें तोंड दिलें, दोन आंकडे चिकटविले, आणि तो फिरून माझ्याच घरीं माझ्याच नातवाच्या हातीं आला. हा प्रवास झाला तरी कसा? आणि कथेंतला प्राणी पत्त्याच्या पानावर बसवितांना त्याचें काय राहतें व काय जातें? या दोन प्रश्नांविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे.

ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांतील श्रोत्यांना हा खेळ ऐकून ठाऊक असेल; इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. क्रमचय-संचयाच्या गणितांत पंडित झालेले रिचर्ड गार्फील्ड नांवाचे एक अमेरिकन गृहस्थ आहेत. त्यांनीं रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें १९९३ च्या ऑगस्टमध्यें प्रसिद्ध केला. त्यांतील नवी गोष्ट अशी कीं, सर्व खेळाडू एकाच जोडांतून खेळत नाहींत. पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात. कोणत्या पाकिटांत काय निघेल हें आधीं कळत नाहीं. मग मुलें आपसांत देवघेव करतात आणि जमविलेल्या शेंकडों पानांतून जो तो आपापला जोड निवडून बांधतो. अशा पत्त्यांना मी 'देवघेवीचे पत्ते' म्हणतों. खेळाडू हा एक मांत्रिक अशी कल्पना. त्याला वीस गुणांचें आयुष्य असतें, आणि मंत्रबळ खर्चून तो नाना प्राणी समोरच्यावर सोडतो. कोपऱ्यांतल्या दोन आंकड्यांपैकीं पहिला हा प्राणी किती मोठा घाव घालतो तें सांगतो, आणि दुसरा तो किती घाव सोसतो तें सांगतो. पहिल्याच संचांतलें साधें अस्वल २ आणि २ आहे. त्याच संचांतला मोठा ड्रॅगन ५ आणि ५.

आतां नुसते आंकडेच असते, तर सगळी प्राणिसृष्टि म्हणजे लहानमोठीं अस्वलेंच झालीं असती. आंकड्यांवरून वजन कळतें. स्वभाव कळत नाहीं. स्वभाव असतो तो चित्राखालच्या बारीक मजकुरांत. मीं चष्मा लावून तो मजकूर वाचूं लागलों तेव्हां मला आश्चर्य वाटलें; कारण त्यांतलीं चांगलीं पानें म्हणजे जुन्या कथांचीं अगदीं आटवलेलीं टिपणेंच आहेत.

युरोपीय दंतकथांत बॅसिलिस्क नांवाचा एक सर्पराज आहे. प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंही त्याचें वर्णन केलें आहे. तो आकारानें फार मोठा नव्हे, परंतु त्याची नजर ज्यावर पडेल तो मेलाच. असा प्राणी पत्त्यांत कसा आणावा? त्याला मोठे आंकडे दिले तर तो बलाढ्य होईल, पण तो बॅसिलिस्क राहणार नाहीं. गार्फील्ड यांच्या पहिल्या संचांत त्याचें बळ अवघें २ आहे. परंतु त्याच्याशीं जो प्राणी झुंजेल तो, केवढाही असो, झुंज संपतांच नष्ट होतो. आणि या नियमाला एक मजेदार अपवाद आहे. खेळांत 'भिंत' म्हणूनही एक जात असते. ती आडवी आली तर तिला कांहीं होत नाहीं. माझा नातू हा अपवाद नुसता पाठ म्हणत असे. मीं त्याला विचारलें, "भिंत कां मरत नाहीं?" तो विचारांत पडला, आणि मग एकदम हंसून म्हणाला, "भिंतीला डोळे कुठें असतात?" नियम करणाराच्या मनांत हेंच होतें कीं नाहीं तें असो, पण नियम कथेंत असा मुरला कीं त्यांतून कथा पुन्हां काढतां येते.

पुढें २००७ सालीं या गुणाला एक सर्वसाधारण नांव मिळालें. त्याचा अर्थ 'मरणस्पर्श' असा होतो. आतां विंचू, कोळी, मारेकरी असे कितीतरी जीव तो बाळगतात. सोय झाली, मजकूर आंखूड झाला. परंतु नजरेचा स्पर्श झाला, आणि भिंतीची गंमत गेली. प्रत्येक सोयीला अशी कांहीं किंमत पडते.

दुसरें उदाहरण ग्रीकांच्या हायड्राचें. हर्क्युलीजनें मारलेल्या या अनेकमुखी सर्पाची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे : एक डोकें तोडलें कीं तेथें दोन उगवत; शेवटीं त्याचा पुतण्या आयोलेअस यानें तोडलेल्या मानेवर जळतें कोलित धरलें, तेव्हां कोठें तें थांबलें. पहिल्या संचांतल्या हायड्राला मंत्रबळ खर्चावें तितकीं डोकीं मिळतात, आणि एकेका घावाला एकेक डोकें गळतें. डोक्यांचा हिशेब चोख आहे. पण येथें डोकें तोडणाराचाच फायदा होतो. म्हणजे कथेचा देह उतरला, गांभा राहून गेला. पुढें २००५ सालच्या एका संचांत वेलीपाल्याचा बनलेला एक हायड्रा निघाला. तो आरंभीं केवळ १ आणि १. परंतु त्याला जेवढा घाव बसावा तेवढा तो घटण्याऐवजीं वाढतो. येथें मात्र जुनी भीति जशीच्या तशी आली आहे : तलवार चालविणें हीच चूक. समोरच्यानें तलवार खालीं ठेवून दुसरा कांहीं उपाय शोधला पाहिजे; आयोलेअसनें कोलित शोधलें तसा.

हें वाचतांना देवीमाहात्म्यांतल्या रक्तबीजाची आठवण कोणाला होणार नाहीं? त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला कीं त्याच्याच बळाचा दुसरा वीर उभा राहतो. मातृगणांनीं जितके घाव घातले तितकें संकट वाढलें. अखेर चामुंडेनें तें रक्त भूमीवर पडूंच दिलें नाहीं. वरचेवर पिऊन टाकलें. जखम करावी, पण थेंब सांडूं नये, ही त्या युद्धाची अट. सारी कथा या एका अटीवर उभी आहे.

गार्फील्ड यांनीं १९९३ च्याच डिसेंबरांत अरबी सुरस कथांवर ७८ पानांचा एक संच केला. त्यांत रुख पक्ष्याचें अंडें आहे. या अंड्याचें बळ शून्य; तें कोणावर चाल करीत नाहीं. परंतु त्याला कोणी फोडलें, तर त्या खेळीच्या अखेरीस त्यांतून ४ आणि ४ असा उडणारा प्रचंड पक्षी बाहेर पडतो. समोरचा खेळाडू मोठ्या पेंचांत पडतो. अंडें वाटेंत आडवें आहे, पण फोडावें तर पंचाईत. सिंदबादच्या पांचव्या सफरींतल्या खलाशांनीं हा विचार केला नाहीं. त्यांनीं अंडें फोडलें, आणि पिलाच्या आईबापांनीं मोठमोठे खडक टाकून जहाज बुडविलें. पत्त्यांत पक्षी अंड्यांतून निघतो, कथेंत आकाशांतून येतो. परंतु 'हें फोडूं नका' हा इशारा दोहींकडे एकच आहे.

२०१३ सालीं ग्रीक कथांवर एक मोठा संच निघाला. हेसिअड कवीनें वर्णिलेले शंभर हातांचे तीन भाऊ ग्रीक पुराणांत आहेत. त्यांतल्यासारखा एक शतबाहु या संचांत आहे. तो पुरता खवळला, म्हणजे नेहमींच्या एका प्राण्याखेरीज आणखी नव्व्याण्णव प्राण्यांना अडवूं शकतो. एक अधिक नव्व्याण्णव. बेरीज करून पाहा! हा आंकडा खेळांत उभ्या जन्मीं उपयोगाला येणार नाहीं. एवढे प्राणी समोर असतात कोठें? तरी तो लिहिला, कारण शंभर हात म्हणजे शंभर हात.

जपानी मंडळींनीं दुसरी वाट धरली. तिकडच्या लोककथांत कोल्हा जसजसा वृद्ध व समर्थ होतो तसतशा त्याच्या शेपट्या वाढत जातात, आणि सर्वांत थोर कोल्ह्याला नऊ शेपट्या असतात. १९९६ सालीं जपानांत निघालेल्या 'पोकेमॉन'च्या पत्त्यांत सहा शेपट्यांच्या लहान कोल्ह्याचें पान आधीं मांडावें लागतें, आणि पुढें त्याच्यावर नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याचें पान ठेवतां येतें. कथेंत शेंकडों वर्षांची तपश्चर्या, येथें एका खेळीची वाट पाहणें. पण वाट पाहिल्याखेरीज नऊ शेपट्या नाहींत, हें तत्त्व कायम आहे.

श्रोतेहो, या उदाहरणांवरून मला एक गोष्ट पटली. अद्भुत प्राणी हा त्याच्या रूपानें अद्भुत नसतो. चित्रकाराला चार प्राण्यांचे अवयव जोडून हवें तेवढें विचित्र रूप करतां येतें. त्याचें अद्भुतपण असतें त्याच्या अटींत. तो कशानें वाढतो, कशानें मरतो, कोणाला भितो, त्याच्यापुढें काय करूं नये, हें ज्याला ठाऊक त्याला तो प्राणी ठाऊक. आणि अट हा तर खेळाचाही प्राण आहे. म्हणून कथा आणि पत्ते यांचें जमतें. तें केवळ दुकानदारीचें कौशल्य नव्हे.

आतां वाघाच्या तोंडाच्या राक्षसाकडे वळतों, कारण तेथें हें जमलेलें नाहीं. त्याचा प्रवास असा. १९७४ सालीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर भुताखेतांच्या कथांची एक मालिका चालूं होती. तिच्या एका भागांत राक्षस दाखविला होता : तो ज्याला मारावयाचें त्याच्या विश्वासांतल्या माणसाचें रूप घेऊन येतो, आणि मंत्रून पवित्र केलेल्या बाणानेंच मरतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा कल्पित साहसांचा जो खेळ तेव्हां नुकताच निघाला होता, त्याच्या कर्त्यांनीं तेथून हा राक्षस घेतला. १९७७ सालच्या त्यांच्या प्राणिकोशांतील चित्रांत त्याला वाघाचें तोंड आहे, आणि तो ऐटींत चिलीम ओढीत बसला आहे. तेव्हांपासून त्या जगांत राक्षस म्हणजे वाघाच्या तोंडाचा, ही खूणगांठ पक्की झाली. २०१४ सालीं 'मॅजिक'च्या एका संचांत राक्षस आले, ते 'मांजर' आणि 'सैतान' अशा दोन जाती एकत्र करूनच आले. माझ्या नातवाच्या हातांतलें पान त्यांतलेंच.

यांत खरें किती? एक गोष्ट खरी आहे, आणि ती महत्त्वाची आहे. वाल्मीकि राक्षसांना कामरूपी म्हणतात; हवें तें रूप घेणारे. मारीच सोन्याचा मृग झाला, रावण भिक्षा मागणारा संन्यासी झाला. विश्वासाचें रूप घेऊन दाराशीं येणें हा राक्षसाचा धर्म त्या दूरच्या लेखकांनीं बरोबर ओळखला. म्हणजे अट टिकली. वाघाचें तोंड हें वरचें सोंग. त्याबद्दल मी फारसा भांडणार नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. आपल्या कथांतला राक्षस ही सरसकट दुष्टांची जात नाहीं. बिभीषण राक्षस आहे. घटोत्कच राक्षस आहे, आणि तो पांडवांसाठीं मेला. हिडिंबा राक्षसी आहे, आणि ती भीमाची पत्नी व कुंतीची सून आहे. कुंभकर्ण तर रावणाला चार खडे बोल ऐकवून, मग भावासाठीं रणांत उतरतो. पत्त्यांत 'सैतान' असा शिक्का मारला कीं हें सगळें घराणें एका क्षणांत पुसलें जातें. नातवाला मीं हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे राक्षस ही जात नसून आडनांव आहे!" व्याख्या शास्त्रशुद्ध नव्हे, पण मला आवडली.

दुसऱ्याच्या कथांत हात घालतांना अशा चुका होतात, आणि कधीं कधीं त्या नुसत्या चुका राहत नाहींत. २०२० च्या जूनमध्यें त्या कंपनीनें आपलींच सात जुनीं पानें स्पर्धांतून बंद केलीं, आणि त्यांचीं नांवें, चित्रें वा मजकूर माणसांच्या समूहांना अपमानकारक आहेत असें उघड मान्य केलें. त्यांतल्या एका पानाच्या नांवांत आपला 'प्रदेश' हा शब्द होता. चूक कबूल करावयास पंचवीसांहून अधिक वर्षें लागलीं. तरी ती कबूल केली हें बरें झालें.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, कीं हा सगळा परदेशी थाट. आपले देव-दैत्य पत्त्यांवर कशाला? त्यांना मी सावंतवाडीची आठवण देतों. तेथें चितारी मंडळी दशावतारी गंजिफा रंगवितात. लाखेनें चकचकीत केलेलीं वाटोळीं पानें, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत पानें, अशीं एकूण १२० पानें. १९७० नंतरच्या काळांत शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांत या कलेला आश्रय देऊन ती मोडूं दिली नाहीं. या पानांवर मत्स्य आहे, कूर्म आहे, वराह आहे, नृसिंह आहे. आणि नियमही पाहा. दिवसा खेळावयास बसलें तर रामाची उतारी पहिली, रात्रीं कृष्णाची. राम सूर्यवंशी, आणि कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा व वंश चंद्राचा. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, आणि उरलेल्या अर्ध्यांत उलट एक्का मोठा. म्हणजे कथेचा धागा नियमांत ओवण्याची युक्ति आपल्या लोकांना परकी नव्हती.

ओरिसांतल्या गंजिफांत तर याहून सुंदर उदाहरण आहे. सारळा दासांच्या उडिया महाभारतांत नवगुंजर नांवाचा प्राणी येतो. कोंबड्याचें डोकें, मोराची मान, बैलाचें वशिंड, सिंहाची कंबर, सापाचें शेपूट, तीन पाय तीन निरनिराळ्या पशूंचे, आणि चौथ्या पायाच्या ठिकाणीं माणसाचा हात. अर्जुन डोंगरावर तप करीत असतांना हा प्राणी समोर उभा राहतो. अर्जुन भिऊन धनुष्य उचलतो. इतक्यांत त्याची दृष्टि त्या मानवी हाताकडे जाते, आणि हा श्रीकृष्णच होय हें ओळखून तो धनुष्य खालीं ठेवतो. पुरीकडच्या एका जातीच्या गंजिफांत राजाच्या पानावर नवगुंजर असतो आणि प्रधानाच्या पानावर अर्जुन. त्या पानांवर बळाचा आंकडा नाहीं, कसलाही मजकूर नाहीं. अर्जुनानें वर पाहिलें कीं नवगुंजर दिसावा, एवढ्यांत सारी कथा आली.

आतां आमच्या घरची हकीगत. नातवानें ठरविलें कीं आपण आपलेच पत्ते करावयाचे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून त्यानें पानें केलीं, आणि पहिलें पान लिहिलें हिरण्यकशिपूचें. मजकूर एवढाच : 'याला कोणीही मारूं शकत नाहीं.' मीं म्हटलें, असा पत्ता ज्याच्या हातीं आला तो जिंकला. मग खेळ कसला? कथेंत अट आहे ती लिही. मीं आठवून सांगितलें : माणसाकडून नाहीं, पशूकडून नाहीं, दिवसा नाहीं, रात्रीं नाहीं, घरांत नाहीं, बाहेर नाहीं. तो लिहीत गेला आणि मग त्यानें विचारलें, "आणखी?" मीं म्हटलें, झालें एवढेंच. तो म्हणाला, "मग नृसिंहानें त्याला मांडीवर कां घेतलें? आणि नखांनींच कां फाडलें?" श्रोतेहो, मी ही कथा चाळीस वर्षें सांगत आलों, पण मांडी व नखें हीं माझ्या सांगण्यांत केवळ वर्णनाचा भाग झालीं होतीं. कपाटांतलें भागवत काढलें, सातवा स्कंध उघडला. तेथें स्पष्ट आहे : भूमीवर नाहीं, आकाशांत नाहीं, शस्त्रानें नाहीं. मांडी भूमीही नव्हे आणि आकाशही नव्हे. नख शस्त्र नव्हे. माझ्या तोंडून गळलेलीं दोन कलमें मुलाच्या हिशेबानें भरून काढलीं.

मग त्यानें नियम बसविले. दोघां खेळाडूंच्या मध्यें खडूची रेघ, ती उंबरठा. आणि सायंकाळ? एकाची खेळी संपली व दुसऱ्याची अजून सुरू झाली नाहीं, तो मधला क्षण. त्याच क्षणीं, पान रेघेवर असतांनाच, हिरण्यकशिपूला मारतां येतें. मी शास्त्री नाहीं, परंतु संधिकालाची इतकी नेमकी व्याख्या मला वर्गांत कधीं सुचली नव्हती.

पुढें अडचण आली ती नृसिंहाची. त्याचे आंकडे काय लिहावयाचे? नातू म्हणाला, दहा आणि दहा. हें आमच्या घरांतून ऐकलें आणि त्या बाहेर आल्या. नीरा-नरसिंहपूरचा नृसिंह हें आमचें कुलदैवत. "अहो, कुलस्वामीला आंकडे घालतां?" त्या मला म्हणाल्या. "दहा लिहाल, उद्यां कोणी अकराचा पत्ता आणील आणि त्याला हरवील. तें चालेल का तुम्हांला?" नातू गप्प झाला. मलाही उत्तर सुचेना. त्यांत भर म्हणून मीं त्याला थोड्याच दिवसांपूर्वीं शरभाची कथा सांगितली होती. मुरुड-जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती दाबून धरलेला जो पशु कोरला आहे, तशीं शिल्पें आपल्या अनेक किल्ल्यांवर आहेत; लोक त्यांना शरभ म्हणतात. शैव पुराणें सांगतात कीं नृसिंहाचा क्रोध शमविण्यासाठीं शिवानें शरभाचें रूप घेतलें. वैष्णव परंपरा उत्तर देते कीं शरभाला आवरण्यासाठीं विष्णु दोन मुखांचा गंडभेरुंड पक्षी झाला. मुलाला हें फार आवडलें. एकावर एक चढ, अगदीं त्याच्या डावासारखें. परंतु पुराणांतल्या या चढाओढींत दोन पंथांचीं मनें गुंतलेलीं आहेत. पत्त्यावर ती मांडली म्हणजे कोणाचा तरी देव आपल्या हातानें पाडावा लागतो, आणि पाडणारें मूल समोरच्याचें मन ओळखतेंच असें नाहीं.

शेवटीं वाट सांपडली ती गंजिफांत. गंजिफांतला नृसिंह राजा आहे. त्याला मान आहे, माप नाहीं. आम्हींही तसेंच केलें. नृसिंहाच्या पानावर आंकडा नाहीं. तें पान कधीं लढत नाहीं आणि त्याच्यावर कोणाला चाल करतां येत नाहीं. हिरण्यकशिपूच्या साऱ्या अटी जुळून आल्या, तरच तें क्षणभर मांडावयाचें आणि त्याला घेऊन उचलावयाचें. शरभाला हत्तीशीं लढतांना दुप्पट बळ दिलें, जंजिऱ्याच्या दगडांत आहे तसें. नृसिंहाशीं त्याची गांठ डावांत घालावयाची नाहीं असें ठरलें. ती कथा नातवाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही ती पानावर लिहावयाची नाहीं हें त्यानें स्वतः कबूल केलें. आजींनीं नृसिंहाचें पान हातांत घेऊन पाहिलें आणि "आयाळ नीट काढ," एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या.

माझी वेळ संपत आली. आपल्या घरांत असे पत्ते आले असतील तर ते फेंकून देऊं नयेत आणि नुसते कपाटांतही टाकूं नयेत, असें मला सुचवावेंसें वाटतें. पाकिटांमागून पाकिटें विकत घेण्याचा नाद आवरावा, हें खरें. बंद पाकीट ही लॉटरीचीच बहीण आहे. परंतु एखादें पान हातीं घेऊन मुलाला विचारावें : हा प्राणी कोठला, आणि याची अट काय? उत्तर चुकलें तर पुस्तक काढावें. कथा सांगावयास बसलों तर हल्लींचीं मुलें दहा मिनिटांत उठून जातात. पण नियम बसवावयाचा असला कीं तींच मुलें कथेचा एक शब्द गळूं देत नाहींत, हा माझा अनुभव आहे.

गेल्या आठवड्यांत नातवाचा फोन आला. "आजोबा, बकासुराला रोज काय काय द्यावें लागे? त्याला प्रत्येक खेळींत तेवढें दिलें नाहीं तर तो मालकालाच खाईल, असा नियम करतोंय." मीं म्हटलें, गाडाभर भात. तो म्हणाला, "नुसता भातच?" मीं त्याला थांबावयास सांगितलें, चष्मा शोधला, आणि आदिपर्व काढलें. एक गाडा भात, दोन रेडे, आणि तें घेऊन जाणारा माणूस.